मिस्टर मॅकचा कागद

बेसबॉलची बॅट घट्ट धरा. साल 1887, शहर वॉशिंग्टन, आणि अंगात लोकरीचा गणवेश. हो, भर उन्हाळ्यात! पाठीवरून घाम ओघळतोय, मानेला खाज सुटलीय, दातांत धूळ करकरतेय. त्यात मागून अखंड बडबड, कधी गोड चौकशी तर कधी खोचक टोमणा. वळून बघू नका, तेच त्याला हवंय. कॉर्नेलियस मॅकगिलिकडी त्याचं नाव. सगळे कॉनी मॅक म्हणतात. उंच, काटकुळा, बुटांच्या कारखान्यात राबून आलेला हा कॅचर तुमच्या अगदी पाठीशी येऊन बसतो.

चेंडू आला. तुम्ही फिरवलीत, हुकलात. आणि 'टक्!'

तुम्ही बाद. चेंडू बॅटला निसटता लागून कॅचरच्या हातात गेला की खेळ खलास, असा सध्याचा नियम आहे. चेंडू लागलाच नव्हता, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो आवाज मॅकने स्वतःच काढला. बोंबलून उपयोग नाही. अंपायर एकटाच आहे आणि गर्दी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडतेय. आपल्या यष्टीरक्षकांनी या माणसाकडे शिकवणी लावायला हवी होती.

चला, निघा. ऑक्टोबर 1929, फिलाडेल्फिया, शाइब पार्क. तिकिटाच्या रांगेत उभे राहू नका. विसाव्या रस्त्यावरच्या दुमजली घरांपैकी एखाद्याच्या मालकाला पैसे द्या आणि गच्ची गाठा. फळ्यांचे बाक कुरकुरतायत, शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत, सिगारचा धूर डोळ्यांत, गरम सॉसेजचा वास नाकात. बियरवर बंदी आहे, लिंबूपाण्यावर भागवा.

खाली डगआउटमध्ये कडक कॉलर, टाय आणि सूट घातलेला म्हातारा दिसतोय? तोच. आता अथलेटिक्स संघाचा मॅनेजर, 66 वर्षांचा. ओरडणं नाही, धावपळ नाही. हातातला धावफलकाचा कागद जरासा हलवतो आणि दूरचा क्षेत्ररक्षक चार पावलं सरकतो. खेळाडू त्याला 'मिस्टर मॅक' म्हणतात. तोंडाच्या जोरावर फलंदाजांना छळणारा हाच, यावर तुमचा विश्वास बसेल?

शिकागो कब्ज 8-0ने पुढे. सातवा डाव. शेजारी उठून निघालाय, त्याला बसवा. अथलेटिक्सच्या सिमन्सचा होम रन, मग फटक्यामागून फटका. उंच उडालेला चेंडू शिकागोच्या हॅक विल्सनला उन्हात दिसतच नाही, तोही दुसऱ्यांदा! गच्ची हादरतेय, कुणाची तरी टोपी उडाली, लिंबूपाणी तुमच्या मांडीवर. अथलेटिक्सचा खेळाडू जिमी डाइक्स पुढे सांगत असे की, त्याने आनंदाच्या भरात शेजाऱ्याच्या पाठीत जोरदार थाप मारली. तो शेजारी मिस्टर मॅक निघाला आणि थेट बॅटांच्या ढिगात जाऊन पडला. म्हातारा चिडला नाही म्हणे.

एका डावात दहा धावा. सामना 10-8ने खिशात.

मॅनेजरची खुर्ची तो 1950पर्यंत सोडणार नाही. हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त भरतील, पण संघात मालकीचा वाटा त्याचाच, काढणार कोण? तुम्ही मात्र गच्चीची चैन आत्ताच करून घ्या. 1935मध्ये क्लब गच्चीसमोरची मैदानाची भिंत 34 फुटांपर्यंत चढवणार आहे, केवळ तुमच्यासारख्यांना खेळ दिसू नये म्हणून.