एका समूहाची दोन नावे : ब्रिटनमधील मुसलमान आणि मानवशास्त्र

दुसऱ्या महायुद्धानंतर पाकिस्तानातून जे लोक ब्रिटनच्या कापडगिरण्यांत आणि ओतशाळांत काम करण्यास गेले, त्यांना तेथील शासनाने व अभ्यासकांनी प्रारंभी क्वचितच 'मुसलमान' म्हटले. ते 'स्थलांतरित', 'आशियाई' किंवा 'पाकिस्तानी' होते. पुढे तीसेक वर्षांत तीच कुटुंबे, त्याच वस्त्यांत, 'मुस्लिम' म्हणून ओळखली जाऊ लागली. धर्मश्रद्धा वाढल्यामुळे हा नामबदल झाला, असे सर्रास मानले जाते. नामांचा इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे ठरते.

यांपैकी पुष्कळ कुटुंबे मीरपूर भागातील. १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या मंगला धरणाने तेथील सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले, आणि ज्यांचे आप्त अगोदरच ब्रिटनमध्ये होते त्यांतील अनेकांनी तीच वाट धरली. महंमद अन्वर यांनी रॉचडेल येथील पाकिस्तानी लोकांविषयी १९७९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचा विषय होता बिरादरी, पैशाची देवघेव आणि मायदेशी परतण्याची कधीच फलद्रूप न होणारी आशा. पनीना वेर्ब्नर यांचा मँचेस्टरविषयीचा १९९० चा ग्रंथ शीर्षकात 'ब्रिटिश पाकिस्तानी' म्हणतो. त्याच शहराविषयीच्या त्यांच्या २००२ च्या ग्रंथाच्या शीर्षकात मात्र 'मँचेस्टरचे मुस्लिम' आले आहेत. अभ्यासविषय झालेली माणसे बव्हंशी तीच होती.

मधल्या काळात बदलली ती नाव देण्याची व्यवस्था. १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने 'वांशिक गटा'स संरक्षण दिले. एका शीख विद्यार्थ्याच्या फेट्यावरून उद्भवलेल्या खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने शीख हा असा गट असल्याचे मान्य केले. मुसलमान अनेक देशांचे व वंशांचे असल्यामुळे त्यांना तो लाभ मिळाला नाही. म्हणजे 'मुसलमान' म्हणून गाऱ्हाणे मांडावे, तर त्या नावास कायद्यात जागाच नव्हती! जानेवारी १९८९ मध्ये ब्रॅडफर्ड येथे सलमान रश्दी यांच्या कादंबरीची प्रत जाळण्यात आली, तेव्हा या नावाने सार्वजनिक जीवनात गाजावाजासह प्रवेश केला. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये धर्माविषयीचा ऐच्छिक प्रश्न आला आणि सुमारे साडेपंधरा लक्ष लोकांची या नावाखाली नोंद झाली. २०२१ मध्ये हा आकडा सुमारे ३९ लक्ष झाला.

नाव रूढ झाले की ते कारण म्हणून वापरले जाऊ लागते, आणि खरी हानी येथे होते. चुलत-मावस भावंडांतील विवाह हे याचे ठळक उदाहरण. इस्लाम अशा विवाहास अनुमती देतो, तो करण्याची आज्ञा देत नाही. (मामाची मुलगी करण्याचा प्रघात ज्यांच्या परिचयाचा आहे, त्या मराठी वाचकास हा भेद समजावून सांगावयास नको.) अ‍ॅलिसन शॉ यांना ऑक्सफर्ड येथील पाकिस्तानी कुटुंबांत हा प्रघात ओसरण्याऐवजी टिकून असलेला, किंबहुना बळावलेला आढळला. भावाबहिणींची परस्परांवरील देणी आणि ब्रिटनचे प्रवेशविषयक नियम यांचा त्यात मोठा भाग होता, कारण विवाह ही त्या देशात शिरण्याच्या थोड्या उरलेल्या वाटांपैकी एक होती.

मग 'मुस्लिम' हे नाव केवळ वरून चिकटवलेले समजावे काय? तसेही नाही. तलाल असद यांनी १९८६ मधील निबंधात असे प्रतिपादन केले की, इस्लाम हा ठराविक समाजरचनेचा नमुना नव्हे, आणि स्थळागणिक बदलणाऱ्या आचारांची मोटही नव्हे. कुराण व हदीस यांच्याशी नाते जोडून योग्य आचार कोणता याविषयी पिढ्यानपिढ्या चालत आलेली ती एक चर्चापरंपरा आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पिढीत या चर्चेस विलक्षण वळण मिळाले. आईबापांच्या घरी पहाडी वा पंजाबी, प्रतिष्ठेसाठी उर्दू, पठणासाठी अरबी. मुलींनी मात्र धर्म बव्हंशी इंग्रजीतून वाचला. आईबापांच्या बोलण्यात 'आपली रीत' आणि 'आपला धर्म' सहसा एकजीव असत. इंग्रजीत ते दोन निराळे शब्द झाले. त्यामुळे बिरादरीत ठरवलेले स्थळ नाकारताना कित्येक मुलींनी धर्माचाच आधार घेतला : वधूच्या संमतीवाचून विवाह होत नाही हे शास्त्र, आणि बिरादरीचा आग्रह ही केवळ गावाकडची रूढी.