पुरावा नष्ट झालेला खेळ : ‘फायनल फॅन्टसी १४’ची पहिली आवृत्ती आणि तिच्याविषयीची मते

११ नोव्हेंबर २०१२. एओर्झिया नावाच्या काल्पनिक भूमीच्या आकाशात डालामुड हा तांबडा चंद्र कित्येक महिने मोठा होत आला होता. त्या दिवशी खेळाडू अखेरचे एकत्र जमले, राक्षसांशी लढले, एकमेकांचा निरोप घेतला. मग सर्व्हर बंद झाले आणि एक चित्रफीत सुरू झाली. तीत चंद्र फुटतो, त्याच्या पोटातून बहामुट हा महाकाय ड्रॅगन बाहेर पडतो आणि खालची भूमी जाळत सुटतो.

ज्या गेमला दोन वर्षे जगभर नावे ठेवली गेली, त्याच्या अखेरच्या क्षणी अनेकांचे डोळे पाणावले. हे दोन्ही कसे खरे असू शकते, याविषयीचा हा थ्रेड.

‘फायनल फॅन्टसी’ ही जपानी मालिका १९८७ साली सुरू झाली. स्क्वेअर एनिक्स या कंपनीची ती ओळखच म्हणावी लागेल. मालिकेतला अकरावा खेळ २००२ मध्ये जपानात आला. हजारो लोकांनी इंटरनेटवरून एकाच जगात खेळण्याचा मालिकेतला तो पहिला प्रयोग, आणि तो यशस्वी ठरला. तेव्हा त्याच धर्तीचा चौदावा खेळ जून २००९ मध्ये जाहीर झाला, त्या वेळी तो वाईट निघेल असे फारसे कुणाच्या मनात आले नव्हते. निर्माते हिरोमिची तानाका हेच अकराव्या खेळाचेही निर्माते होते.

३० सप्टेंबर २०१० रोजी खेळ विंडोज संगणकांसाठी प्रसिद्ध झाला. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ४९ गुण मिळाले.

आता खेळाडूंच्या तक्रारी पाहू. साधा मेन्यू उघडायचा तरी प्रत्येक कृती सर्व्हरला विचारून होई, त्यामुळे बटण दाबले की क्षणभर काहीच घडत नसे. भूप्रदेश पुन्हापुन्हा सारखाच दिसे. तीच टेकडी, तेच वळण, तोच उतार, जणू एकच ठसा कागदभर उमटवला आहे. खरेदी-विक्रीची व्यवस्था तर अजबच. वस्तू शोधण्याची सोय नव्हती. प्रत्येक खेळाडूचा नोकर बाजारपेठेच्या दालनात उभा असे आणि हवी ती वस्तू मिळेपर्यंत एकेका नोकरापुढे जाऊन त्याची गाठोडी तपासावी लागत. आठवडी बाजारात प्रत्येक पथारीपुढे वाकून पाहावे तसे; फक्त इथे ओरडून भाव सांगणारा कुणी नव्हता.

सर्वांत मोठा भडका मात्र खेळ बाजारात येण्याआधीच, चाचणीच्या काळात उडाला. ‘थकवा’ या नावाने ओळखला गेलेला एक नियम होता. आठवड्यात एका क्लासमध्ये पहिले ८ तास अनुभवाचे पूर्ण गुण मिळणार, पुढचे ७ तास ते घटत जाणार आणि मग शून्य. बातमी पसरताच संताप उसळला : पैसे भरून खेळायचे आणि वर कंपनीच सांगणार की आता पुरे? दिग्दर्शक नोबुआकी कोमोतो यांना खुलासा करावा लागला. नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारा आणि दिवसभर खेळणारा यांच्यातली दरी फार वाढू नये, हा त्यामागचा हेतू होता. शिवाय या खेळात हातातले शस्त्र बदलले की क्लास बदले. एकात थकलेला खेळाडू दुसऱ्यात नव्याने सुरुवात करू शकत होता. हेतू वाईट नव्हता. पण खेळात आधीच करण्यासारखे थोडे असताना त्यावरही कुंपण घालणे लोकांना पटले नाही. पुढे हा नियम काढून टाकण्यात आला.

जपानी खेळाडूंची एक तक्रार वेगळी होती आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती विशेष रोचक वाटावी. मालिकेतला सर्वांचा लाडका प्राणी म्हणजे चोकोबो, स्वारीसाठीचा मोठा पक्षी. जपानी आवृत्तीत एके ठिकाणी त्याच्या नावाऐवजी ‘घोडा’ आणि ‘पक्षी’ या दोन चित्रलिपी चिन्हांचा जोडशब्द आढळला. तो शब्द चिनी वळणाचा वाटला. त्यावरून खेळाचे काम बाहेर देऊन उरकले गेले असावे, असा निष्कर्ष अनेकांनी काढून टाकला. एका शब्दावरून हस्तलिखिताचा कर्ता ठरवण्याचा मोह अभ्यासकांनाही होतो. इथे तो रागावलेल्या गिऱ्हाइकांना झाला, एवढेच. शब्द नंतर बदलला गेला, संशय मात्र रेंगाळला.

त्याच शरद ऋतूत वेगळ्या सुरातली मतेही होती. नोबुओ उएमात्सु यांच्या संगीताला दाद मिळत होती. चित्रण पाहून लोक थक्क होत होते. सुतारकाम, लोहारकाम, मासेमारी हे इथे फावल्या वेळचे उद्योग नव्हते; योद्ध्याच्या बरोबरीचे स्वतंत्र क्लास होते. तलवार न उचलता केवळ कारागीर म्हणून जगावे, ही मुभा काहींना फार भावली. खेळ मंद आहे ही एकाची तक्रार होती, तर दुसऱ्याला तोच मंदपणा निवांत वाटत होता. मोडका पण आपला, अशा भावनेने खेळणारे थोडे का होईना, पहिल्या दिवसापासून होते.

१० डिसेंबर २०१० रोजी कंपनीचे अध्यक्ष योइची वाडा यांनी जाहीर क्षमायाचना केली. तानाका यांनी पद सोडले आणि नाओकी योशिदा निर्माते झाले. खेळ समाधानकारक होईपर्यंत मासिक शुल्क घेतले जाणार नव्हते. पुढच्या वर्षी वाडा यांनी मान्य केले की या खेळामुळे मालिकेच्या नावाला मोठा धक्का बसला आहे.

योशिदा स्वतः अशा ऑनलाइन खेळांचे जुने खेळाडू होते. त्यांनी खेळाडूंची मते मागवली, निर्मात्याची पत्रे या नावाने वेळोवेळी खुलासे लिहिले आणि खेळाडूंसाठी अधिकृत चर्चामंच उघडला. मार्च २०११ च्या भूकंपानंतर वीज वाचवण्यासाठी सर्व्हर काही दिवस बंद ठेवावे लागले, तेही याच काळात. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांचा निर्णय जाहीर झाला : चालू खेळ दुरुस्त करत राहायचे आणि त्याच वेळी पडद्याआड तो पुन्हा पायापासून बांधायचा. जुने जग कथेतच नष्ट होणार होते. कंपनीने आपली चूक गोष्टीत विणली आणि तिच्यावर चंद्र पाडला. असे धाडस आधी कुणी केल्याचे उदाहरण सहसा आठवत नाही.

नवा खेळ ‘अ रेल्म रिबॉर्न’ २७ ऑगस्ट २०१३ रोजी आला. गर्दी एवढी लोटली की डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच कारणाने ती पुन्हा थांबवावी लागली. पुढचे यश सर्वश्रुत आहे.

इथे खरा ऐतिहासिक प्रश्न सुरू होतो. पहिली आवृत्ती आज कुणालाच खेळता येत नाही. डिस्क कपाटात असू शकते, पण समोर सर्व्हर नसेल तर ती निरुपयोगी आहे. हौशी प्रोग्रामरांनी ‘सेव्हन्थ अंब्रल’ आणि ‘प्रोजेक्ट मीटिअर’ या प्रकल्पांतून जुना सर्व्हर नव्याने लिहून काढण्याचा प्रयत्न केला; त्यातून त्या जगात पाऊल टाकता येते, संपूर्ण खेळ मात्र परत येत नाही. म्हणजे मूळ ग्रंथ नाहीसा झाला आणि त्यावरच्या टीका तेवढ्या उरल्या, अशी ही अवस्था आहे. खेळ कसा होता हे जाणण्याचे मुख्य साधन म्हणजे चित्रफिती आणि खेळाडूंची मते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतला फरक नव्याने सांगायला नको. तोच फरक इथे लावून पाहण्यासारखा आहे.

२०१० ची मते ही पत्रे. ती तापलेली, घाईची, क्वचित अन्यायकारक. पण लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. त्यामुळे त्यांत खेळाचे तपशील सापडतात : कोणता मेन्यू अडकला, कोणत्या रस्त्यावर वाट चुकली, काय आवडले.

२०१२ ची मते भावुक आहेत आणि ती कुणाची आहेत हे पाहणे आवश्यक आहे. जानेवारी २०१२ पासून मासिक शुल्क सुरू झाले होते. जे चिडले ते बहुतांशी केव्हाच निघून गेले होते. अखेरच्या दिवशी हजर होते ते राहिलेले. पैसे भरून, दोष माहीत असून राहिलेले. त्यांच्या अश्रूंवरून खेळ चांगला होता असे ठरवणे म्हणजे गाव ओस पडल्यावर मागे राहिलेल्या चार घरांना विचारून गाव राहण्याजोगे होते का हे ठरवण्यासारखे आहे. मात्र त्यांची साक्ष फेटाळताही येत नाही. मागे राहण्याजोगे तिथे काहीतरी होते, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

आणि २०१३ नंतरची मते ही बखर. नवा खेळ गाजला तशी जुन्याची कथा ठरीव होत गेली. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग फुलदाणीचा. २०१४ मध्ये अमेरिकेतील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये योशिदांनी सांगितले की जुन्या खेळातल्या एका साध्या फुलदाणीत जवळपास १००० पॉलिगॉन आणि १५० ओळींचा शेडर कोड होता, म्हणजे खेळाडूच्या पात्राइतकाच. चित्रणाचा हव्यास, ऑनलाइन खेळांविषयी चमूचे अज्ञान आणि काहीही बिघडले तरी पॅच देऊन सुधारता येईल ही वृत्ती, अशी अपयशाची कारणे त्यांनी मांडली. २०१७ मध्ये नोक्लिपच्या तीन भागांच्या माहितीपटामुळे ही कथा आणखी दूर पोहोचली.

योशिदांचे निदान पटण्याजोगे आहे. फुलदाणीवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तरी ते निदान उत्तराधिकाऱ्याचे आहे, हे विसरून चालत नाही. बखरीत पहिली आवृत्ती उरते ती दुसरीच्या विजयाची पूर्वपीठिका म्हणून. कारागिराचे निवांत आयुष्य आवडलेला २०१० चा खेळाडू तिच्यात सापडत नाही, कारण कथेला त्याची गरज नाही. फुलदाणी सर्वांना माहीत असते. त्या बाजारातल्या नोकरांच्या रांगेत वस्तू शोधता शोधता अनोळखी माणसाशी गप्पा रंगल्याची आठवण लिहून ठेवणारा मात्र विरळा.

कंपनीने मागे राहिलेल्यांना विसरले नाही, हेही नोंदवायला हवे. ज्यांनी जुन्या खेळाचे किमान तीन महिन्यांचे शुल्क भरले त्यांना ‘लेगसी’ खेळाडूंचा मान मिळाला : कायमस्वरूपी कमी शुल्क, पात्राच्या मानेवर एक खास गोंदण आणि नव्या खेळाच्या श्रेयनामावलीत नाव.

नव्या एओर्झियात जमिनीतून डालामुडचे प्रचंड तुकडे वर आलेले दिसतात. त्या जगातल्या लोकांना आठवते की पाच वर्षांपूर्वी, चंद्र कोसळला तेव्हा, काही शूर साहसी लढले होते. पण त्यांचे चेहरे आठवू गेले की मधे झगझगीत प्रकाश आल्यासारखे होते आणि नावे ओठांवर येत नाहीत. म्हणून लोक त्यांना नुसते ‘प्रकाशाचे योद्धे’ म्हणतात.