नगरच्या मंडळीचं गाणं

नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी १८३३ साली उभी राहिली, अमेरिकन मराठी मिशनच्या आधाराने. सभासद मोजके. त्यांत बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण होते, तसे मिशनच्या अनाथाश्रयातले लुळेपांगळेही. पुढे खेड्यांतून महार-मांग कुटुंबं आली. ज्यांचा पाणवठा एक नव्हता, त्यांनी प्रभुभोजनाला एकत्र बसायचं. हे पाऊल केवढं होतं, ते गावगाड्यात वाढलेल्यालाच कळेल.

एकत्र जेवणं जमलं, तरी एकत्र गाणं लवकर जमेना. मी मंडळीत पेटी वाजवतो, म्हणून हे मला फार जाणवतं. जुनी कितीतरी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली. चाल लांबते नेमकी तिथे आपलं ऱ्हस्व अक्षर येतं. मग ‘प्रभु’तला ‘प्र’ उगाच दोन मात्रा ओढावा लागतो. जिचा जन्म जात्यावरच्या ओव्या म्हणण्यात गेला, त्या बाईने हे कसं म्हणावं? ती गप्प उभी राहत असणार.

वाट काढली कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. १८६०च्या दशकात त्यांनी ख्रिस्तकथेचं कीर्तन उभं केलं. रस्त्यावरचा उपदेश ऐकून न ऐकल्यासारखं करणारे लोक कीर्तनाला मात्र मांडी घालून बसत. हे श्रेय सांगळ्यांचं आहे, आणि ते आपण फार कमी वेळा बोलून दाखवतो.

मग नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हाच ते नाव मिळवलेले कवी होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग, पदं, भजनं लिहिली, टाळ-मृदंग उपासनेत आणला. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतपुस्तक उघडलं की पानोपानी तेच भेटतात. त्यांचा अभंग पेटीवर घेतला की मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्याही पुस्तक न उघडता गातात.

टिळक तिथेच थांबले नाहीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सारे त्यात यावेत, ही त्यांची इच्छा. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार ओसरला. मंडळीने त्यांची गाणी उराशी धरली. दरबाराची हाक मात्र मागे पडली. मला ती गाण्यांहून मोठी वाटते, आणि तिच्यावर आम्ही अजून नीट बोलायलाही बसलेलो नाही.