न रडलेल्या बाळाचा इतिहास : नाळेतले रक्त साक्ष देते का?

१/ जन्मलेले बाळ रडले नाही, तर दोन प्रश्न उभे राहतात. मेंदूला इजा झाली का? आणि झाली असेल, तर केव्हा? दुसरा प्रश्न खरे तर इतिहासाचा आहे : हाती आलेल्या पुराव्यावरून घटनेचा काळ ठरवणे. गेली दीडशेहून अधिक वर्षे वैद्यकशास्त्र हेच करू पाहत आहे.

२/ २ ऑक्टोबर १८६१. लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे विल्यम जॉन लिटल यांनी निबंध वाचला. मुलांच्या ताठर हातापायांचे मूळ त्यांनी अवघड प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मवेळी कोंडलेला श्वास यांत शोधले. लिटल स्वतःही लहानपणापासून पायाच्या व्यंगाने ग्रस्त होते.

३/ १८९७ मध्ये व्हिएन्नातील एका मज्जाविकारतज्ज्ञाने याला उलटा प्रश्न केला : अवघड प्रसूती हे कारण नसून, गर्भातच आधी बिघडलेल्या गोष्टीचे लक्षण असेल तर? त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाची ख्याती अजून पुढे होती.

४/ वाद मिटवायला मोजमाप हवे होते. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५३ मध्ये आपली गुणपद्धती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि रंग. प्रत्येकी ० ते २ गुण.

५/ १९५८ मध्ये स्टॅन्ली जेम्स, अ‍ॅपगार आणि सहकाऱ्यांनी नाळेच्या रक्तातील आम्लता तपासली. नाळेच्या दोन धमन्यांतले रक्त बाळाकडून वारेकडे जाते. म्हणून ते बाळाची स्थिती सांगते. प्राणवायू कमी पडला की आम्लता वाढते.

६/ पण कोंडलेला श्वास म्हणजे इजा नव्हे. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८१ मध्ये दाखवले, की पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या ७३ टक्के मुलांचे पाचव्या मिनिटाचे अ‍ॅपगार गुण ७ ते १० होते. फ्रॉइडची शंका पुन्हा जिवंत झाली.

७/ २००५ पासून या प्रश्नाला घड्याळ लागले. बाळाचे तापमान ७२ तास उतरवून ठेवल्यास मेंदू वाचू शकतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसले. मात्र उपचार जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू व्हायला हवा.

८/ म्हणून शोध सुरू झाला तो थेट मेंदूच्या खुणांचा. एस१००बी आणि जीएफएपी ही मेंदूच्या आधारपेशींतली प्रथिने इजेनंतर रक्तात उतरतात. अडचण अशी, की त्याला वेळ लागतो. अखेरच्या मिनिटांतली इजा नाळेच्या रक्तात उमटणार नाही, असे होऊ शकते. जुनी इजा मात्र उमटू शकते. शिवाय एस१००बी चरबीच्या पेशींतही असते.

९/ हा केवळ प्रयोगशाळेतला वाद नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवरील 'हेलिक्स' चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. थंडाव्याने लाभ झाला नाही. उलट मृत्यू ४२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ३१ टक्के. यामागची एक शक्यता अशी मांडली गेली, की यांतील अनेक बाळांची इजा बरीच आधी झालेली असावी.

१०/ म्हणजे 'केव्हा?' याचे उत्तर चुकले, तर एका देशात जीव वाचवणारा उपचार दुसरीकडे घातक ठरू शकतो. लिटल आणि फ्रॉइड यांच्यातला वाद आज नाळेतल्या काही थेंबांवर येऊन थांबला आहे. निकाल अजून लागायचा आहे.