लिंडेमान निकष
३. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमान (१८८६–१९५७) यांच्या १९१० मधील मांडणीवरून आलेला हा निकष ढोबळ असला, तरी उपयुक्त आहे : अणूंच्या कंपनाचा विस्तार शेजारच्या अणूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एकदशांश झाला, की घन पदार्थ वितळतो. दाबामुळे अणू जवळ येऊन त्यांचे बंध ताठर होतात व कंपनाचा विस्तार घटतो. म्हणूनच एरवी १५३८° से.ला वितळणारे लोखंड पृथ्वीच्या आतल्या गाभ्यात, ३३ लाख वातावरणांच्या दाबाखाली, ५०००° से.लाही घन राहते. या ताठरपणाशी निगडित ‘दृढता गुणांक’ म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या बलाला धातू करत असलेल्या विरोधाचे माप; ते दाबाने वाढते, उष्णतेने घटते आणि द्रवात शून्य होते. दाबाखालील धातूंच्या अशाच अभ्यासात, पोखरणच्या १९७४ मधील अणुचाचणीपूर्वी, प्लुटोनियमचे दाब-घनता समीकरण तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम (१९३६–२०२५) यांनी मांडले.