वेतनतफावत, परप्रांतीय कामगारांची (बुटीबोरी)

बाहेरच्या राज्यांतून आलेला मजूर आणि स्थानिक कामगार यांच्या कमाईतील अंतर. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी.वरील बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड व मध्य प्रदेशातील मजूर काम करतात.

किमान वेतन ठरते ते कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीवर; माणूस कोणत्या प्रांताचा, यावर नाही. म्हणून ही तफावत दरपत्रकात दिसत नाही. ती हुद्द्यात असते. कायम कामगाराला वेतनकराराची वाढ मिळते, नोकरीची वर्षे साठत जातात. ठेकेदाराच्या हजेरीवरचा माणूस ठेका बदलला की पुन्हा नवा ठरतो. स्थानिक तरुणही ठेक्यावर असतात. त्यांच्याशी तुलना केली तर अंतर घटते आणि खरा प्रश्न झाकला जातो.

तुलना तासांवर व्हायला हवी. समजा, एकाला २६ दिवस ८ तासांचे २०,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्याला तेवढ्याच दिवसांत १२ तासांचे २४,०००. महिन्याला दुसरा पुढे दिसतो. पण तासाला पहिल्याचे ९६ रुपये पडतात, दुसऱ्याचे ७७. कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. तो दिला असता, तर हा हिशेब उलटला असता.

स्थलांतरितांच्या कमी कमाईचे कारण म्हणून अर्थशास्त्रात भाषा नेहमी पुढे येते. बॅरी चिझिक यांनी १९७८ साली अमेरिकेतील स्थलांतरितांविषयी दाखवले, की मुक्काम वाढतो तशी कमाई स्थानिकांच्या बरोबरीला येते. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी मुलखाची राजधानी होते. येथे हिंदी बोलणाऱ्या कोणाचे अडत नाही. तेव्हा बुटीबोरीत भाषेला दोष देणे पटत नाही. मुक्काम वाढूनही ठेका सुटत नसेल, तर बरोबरी यायची कशी?

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ ने सारख्या कामाला सारखे वेतन बंधनकारक केले होते. शिवाय मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जास्त असेल तो विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता दिला होता. मात्र हा अधिनियम ठेकेदाराने आणलेल्यांनाच लागू होता; गाववाल्याच्या भरवशावर स्वतःहून आलेला मजूर त्याबाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्या व्याख्येत स्वतःहून आलेला मजूरही येतो. प्रवास भत्ता तिने ठेवला. विस्थापन भत्ता वगळला.