पाण्यातील पाळीव बेडकांचे आजार: लक्षणे, कारणे आणि घरातील काळजी

मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला आफ्रिकन क्लॉड फ्रॉग किंवा छोटा ड्वार्फ फ्रॉग जन्मभर पाण्यातच राहतो. बेडकाची त्वचा पाण्यातले क्षार आणि विषारी पदार्थही शोषून घेते. म्हणून त्याचे बहुतेक आजार टाकीतल्या पाण्यापासून सुरू होतात.

नेहमी आढळणारे आजार

• लाल पाय: मांड्या व पोटावर लाली, सुस्ती, खाणे बंद. एरोमोनाससारखे जीवाणू रक्तात पसरतात. वेळीच उपचार न झाल्यास बेडूक दगावतो.
• अंग फुगणे: शरीरात पाणी साठते. जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंडाचा बिघाड ही कारणे असू शकतात. सुई टोचून पाणी काढू नका.
• कापसासारखे पुंजके: जखमेवर वाढलेली बुरशी.
• काइट्रिड बुरशी: वारंवार कात निघते, बेडूक मलूल होतो. अधूनमधून कात टाकून ती खाणे मात्र नैसर्गिक आहे.
• खडे अडकणे: घासाबरोबर बारीक खडी गिळली जाते. खडी तोंडात मावणार नाही एवढी मोठी असावी किंवा तळ मोकळा ठेवावा.

पाणी आणि उन्हाळा

नळाच्या पाण्यातील क्लोरीन बेडकाला घातक असते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा अँटीक्लोरीन वापरा. आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदला. सगळे एकदम बदलू नका.

अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. क्लॉड फ्रॉगला साधारण १८ ते २४ अंशांचे, तर ड्वार्फ फ्रॉगला २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. टाकी उन्हापासून दूर ठेवा, पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्या.

पशुवैद्यांकडे कधी जावे?

लाली, सूज, उघडी जखम किंवा काही दिवस खाणे बंद असल्यास थांबू नका. आजारी बेडूक वेगळा ठेवा. माशांची औषधे स्वतःहून घालू नका; मॅलाकाइट ग्रीन बेडकाला विषारी ठरू शकते. तालुक्याच्या दवाखान्यात बेडकावर उपचार होत नसतील, तर तेथील डॉक्टरांना विचारून शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

घरच्यांसाठी खबरदारी

निरोगी दिसणाऱ्या बेडकाकडूनही माणसाला साल्मोनेलाची लागण होऊ शकते. अमेरिकेत २००८ ते २०११ दरम्यान ड्वार्फ फ्रॉगमुळे शेकडो जण आजारी पडले; त्यांत लहान मुले जास्त होती. टाकी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये ओतू नका. ५ वर्षांखालील मुलांना टाकीत हात घालू देऊ नका. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही टाकी साफ करणे टाळावे. बेडूक पाळणाऱ्या घरात कोणाला ताप, जुलाब, पोटदुखी झाल्यास डॉक्टरांना बेडकाबद्दल आवर्जून सांगा.

नको झालेला बेडूक विहिरीत, ओढ्यात किंवा मुळा-प्रवरेच्या पात्रात सोडू नका. त्याच्यासोबत गेलेला रोग इथल्या बेडकांत पसरू शकतो. तो दुकानदाराला परत द्या किंवा पशुवैद्यांचा सल्ला घ्या.